टायपो पकडा, पण जरा जपून!

वीकएंडला पुण्याहून श्रीगोंद्याला घरी आलात, जेवणं झाली, लॅपटॉप उघडलाय. आता काय? एक हटके उद्योग सुचवतो. पायथन वाचायला घ्या. पायथनमध्ये लिहिलेलं काही नव्हे, खुद्द पायथनचं पोट! ही भाषा चालवणारा सगळा सोर्स कोड २०१७ पासून गिटहबवर आहे. त्यात प्रोग्रामरनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेल्या कॉमेंट्स असतात. कॉम्प्युटर त्या वाचतच नाही. त्यामुळे त्यातलं चुकलेलं स्पेलिंग वर्षानुवर्षं सुखाने नांदू शकतं.

बरं, कॉमेंट निदान दुरुस्त तरी करता येते. नावांचं नशीब तेवढं चांगलं नाही. तुम्ही कुठल्या पानावरून आलात हे वेबसाइटला सांगणाऱ्या 'रेफरर' शब्दातला एक 'आर' गळाला, १९९६ च्या अधिकृत दस्तऐवजातही तसाच छापला गेला, आणि आज जगभरचे ब्राउजर मुकाट तीच चूक करतात.

पण खरी मजा स्पेलिंगमध्ये नाही. कॉमेंट म्हणते 'एक ते दहा', खाली लिहिलंय रेंज(१, १०). पायथन तर नवावरच थांबतो! अशी खोटं बोलणारी कॉमेंट नवख्याची अख्खी दुपार खाते. ती पकडायची तर कोड वाचावा लागतो. चुकलंय कोण, कॉमेंट की कोड, हेही ठरवावं लागतं.

२०२० मध्ये अनेकांनी नेमकं हेच टाळलं. 'हॅक्टोबरफेस्ट'मध्ये ऑक्टोबरात चार बदल सुचवले की टी-शर्ट मिळायचा. फुकट म्हटल्यावर काय राव! आपल्याकडच्या पोरांनीही दिसेल त्या प्रोजेक्टच्या माहितीत 'ऑसम प्रोजेक्ट' असले शब्द चिकटवले. प्रोजेक्ट सांभाळणारे इतके वैतागले की आयोजकांना पहिल्या तीन दिवसांतच नियम बदलावे लागले.

शेख महंमदांच्या गावात बसून पोथीची आठवण काढायला हरकत नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले अशुद्ध पाठ दुरुस्त केले आणि तंबीही दिली: यात कुणी स्वतःची ओवी घुसडू नये. ऑसम!

तर चूक सापडली की आधी ती दुसऱ्या कुणी कळवलीय का ते बघा. मग तेवढीच सुधारा, एका ओळीत कारण लिहा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. उत्तर आलं नाही तर लगेच मागे लागू नका. तिकडचा माणूसही बहुधा ऑफिस सुटल्यावरच हे बघत असतो.