कळ दाबली, आळ आला

स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावाचं नाव एका संगणकीय दोषाला चिकटलं आहे. २०१५ साली तिथल्या पोस्टातले ८,००० पौंड दुसऱ्या छोट्या शाखेत नेऊन नोंदवताना पडदा अडकला, म्हणून एन्टरची कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली. यंत्राने तीच रक्कम चारदा मांडली. कुणी एक पेनीही चोरली नव्हती, तरी हिशेबात २४,००० पौंडांची तूट!

इथली चूक उघडकीला आली. पण फुजित्सूची ही 'होरायझन' प्रणाली १९९९पासून ब्रिटनभर बसवली जात होती. तिथल्या गावांत पोस्ट बरेचदा दुकानातच असतं, नि दुकानदारच पोस्टमास्तर. तूट दिसली की पोस्ट ऑफिस ती त्याच्याकडूनच मागे. कुणी पदरचे पैसे भरले, कुणी कर्ज काढलं. अनेकांवर तर चोरी-अफरातफरीचे खटले भरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्यांतले सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते. एक बाई गरोदर असताना तुरुंगात गेली.

मी चक्रावलो तो एका जुन्या कलमाने. संगणकाचा पुरावा मांडायचा तर तो नीट चालत होता हे आधी दाखवा, असं इंग्लंडचा १९८४चा कायदा सांगत होता. १९९९मध्ये, होरायझन येत असतानाच, ती अट काढून टाकण्याचं ठरलं. मग यंत्र बरोबरच आहे असं न्यायालय गृहीत धरू लागलं. ते चुकलं हे दाखवायचं ओझं गावच्या दुकानदारावर, आणि आतल्या नोंदी मात्र पोस्ट ऑफिसच्या हातात.

२०१९मध्ये माजी पोस्टमास्तर अॅलन बेट्स आणि इतर, असे ५५५ जण पोस्ट ऑफिसविरुद्धच्या दाव्यात लढले. तडजोडीचे ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड मिळाले, पण बहुतेक रक्कम खटल्याच्या खर्चातच गेली. जानेवारी २०२४मध्ये त्यांची कहाणी टीव्हीवर आली आणि देश हादरला.

त्यानंतर जे घडलं ते विलक्षण आहे. अपिलं एकेक करून ऐकण्याऐवजी संसदेने कायदाच केला, आणि २४ मे २०२४ रोजी इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधल्या शेकडो शिक्षा एकदम रद्द झाल्या. स्कॉटलंडने आपला वेगळा कायदा केला. ज्यांचं अपील वरिष्ठ न्यायालयाने आधीच फेटाळलं होतं, ते मात्र संसदेच्या कायद्याबाहेर राहिले. हे मला अजून खुपतं. शिक्षा रद्द झालेल्याला भरपाई म्हणून ठरलेले ६ लाख पौंड घेता येतात, नाहीतर नुकसानाचा पूर्ण हिशेब मांडून मागता येतो.

शिक्षा रद्द होण्यासाठी अर्ज करावा लागला नाही. अशी माणसं सरकारनेच शोधायची आणि त्यांना कळवायचं. माणूस हयात नसेल, तर त्याच्या मागे राहिलेल्यांना.