डिस्कच दिसून नाही राहिली

“मामा, डिस्कच दिसून नाही राहिली.”

रात्रीचे साडेदहा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर कोरा करकरीत लॅपटॉप, त्याला खोचलेला पेनड्राइव्ह आणि समोर हनुवटीला हात लावून बसलेली माझी भाची. ती दुर्गच्या न्यायालयात वकिली करते आणि माझ्याकडे कुरुदला राहते. कुरुद म्हटलं की छत्तीसगडच्या माणसाला धमतरी जिल्ह्यातलं गाव आठवतं. आमचं कुरुद ते नव्हे, हे भिलाईला कोहक्याच्या बाजूने चिकटलेलं. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली आणि त्या सुमाराला विदर्भातून कामाला आलेल्या घरांपैकी आमचं एक. भाषा तिकडचीच राहिली, म्हणून आमच्याकडे डिस्क ‘दिसत नाही’ असं होत नाही, ती ‘दिसून नाही राहिली’ अशीच असते.

लॅपटॉपवर ती क्यूब्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम घालत होती. कल्पना तिची, धास्ती माझी. मी आयुष्यभर कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळली. नवं यंत्र चालू होत नसेल तर आधी त्याला दोष न देता ते काय सांगतंय ते ऐकावं, एवढं त्या कामाने शिकवलं. पुढचे चार दिवस तेच उपयोगी पडलं.

वकिलाला हे कशाला हवं, असं शेजारच्यांनीही विचारलं. वकिलाचं काम आठवून बघा. अनोळखी माणूस व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो, पक्षकाराचा मुलगा ईमेलने वर्डची फाईल टाकतो, कुणी पेनड्राइव्ह हातात देतो. उघडणार नाही म्हणायची सोय नसते. आणि ज्या मशीनवर ती फाईल उघडायची, त्याच मशीनवर दुसऱ्या पक्षकाराचे जबाब, बँकेचं खातं, घरचे फोटो. साध्या संगणकात या सगळ्यांमध्ये भिंत नसते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण मराठी वाचकाला आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेला, बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या घातक सॉफ्टवेअरच्या आधाराने ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. नकली कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. कोटींचा आकडा आपल्या घरचा नाही, पण एका जागी शिरलेला चोर पुढच्या खोलीत सहज जातो, हे घरच्या लॅपटॉपलाही लागू आहे.

क्यूब्सची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. विरजणाचं भांडं आपण दुधाच्या पातेल्यापासून लांब ठेवतो. विरजण वाईट असतं म्हणून नव्हे. एक चमचा चुकून पडला तर सगळं दूध जातं म्हणून. क्यूब्स एकाच लॅपटॉपमध्ये अशी अनेक भांडी मांडते. प्रत्येक भांडं म्हणजे एक वेगळा, खोटा-खोटा संगणक. कोर्टाचं काम एकात, बँक दुसऱ्यात, अनोळखी फाईल एका वापरून फेकायच्या भांड्यात. कुठली खिडकी कुठल्या भांड्याची, ते तिच्या भोवतीच्या रंगीत चौकटीवरून कळतं. नेटवर्कचं कार्डही स्वतंत्र भांड्यात कोंडलेलं असतं, त्याला सिस-नेट म्हणतात. या सगळ्यांवर देखरेख करणारा डोम-झिरो, आणि त्याला इंटरनेटच दिलेलं नाही.

ही बांधणी पोलंडच्या योआना रुत्कोव्स्का यांची. २००६ मध्ये त्यांनी ‘ब्लू पिल’ दाखवली होती: चालू संगणकाच्या खाली गुपचूप एक थर सरकवायचा आणि वरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ता लागू द्यायचा नाही. संगणकाच्या खालच्या थराची ताकद एवढी नीट कळलेल्या बाईने तीच ताकद राखणीला लावली. २०१० मध्ये क्यूब्स जाहीर झाली, पहिली पक्की आवृत्ती सप्टेंबर २०१२ ला आली. खाली झेन नावाचा पाया आहे, तो केंब्रिज विद्यापीठात जन्मलेला. २०१८ मध्ये रुत्कोव्स्का बाजूला झाल्या, तेव्हापासून मारेक मार्चिकोव्स्की-गुरेत्स्की हे काम पुढे नेतात. ही मंडळी आपल्या सिस्टिमला ‘बऱ्यापैकी सुरक्षित’ एवढंच म्हणतात. पूर्ण सुरक्षेचं आश्वासन देत नाहीत, याचंच मला जास्त बरं वाटलं.

डिस्कपाशी येण्याआधी एक गोष्ट आम्ही केली होती, आणि ती बहुतेक लोक सोडतात. सहा-सात जीबीची फाईल उतरवायला वेळ लागतो, मग माणूस अधीर होतो. पण ती फाईल खरंच क्यूब्सवाल्यांनी दिलेली आहे का? लिनक्स मिंटच्या वेबसाइटवर २० फेब्रुवारी २०१६ ला चोरांनी डाउनलोडचा दुवा बदलून चोरवाट ठेवलेली फाईल लोकांच्या गळ्यात मारली होती. म्हणून फाईलसोबत डिजिटल सही असते, आणि ती सही करणाऱ्या किल्लीचा चाळीस अक्षरी ठसा असतो. तो ठसा ज्या वेबसाइटवरून फाईल घेतली तिथेच बघून उपयोग नाही. चोराने वेबसाइट बदलली असेल तर ठसाही बदलेल. भाचीने घरच्या ब्रॉडबँडवर एकदा, मोबाइलच्या नेटवर दुसऱ्या ठिकाणी एकदा बघितला आणि मला चार-चार अक्षरं वाचून दाखवली. मी कागदावर टिक करत गेलो. दहा मिनिटं लागली.

त्या फाईलचा पेनड्राइव्ह बनवताना रूफस नावाचा प्रोग्राम वापरत असाल तर ‘डीडी इमेज’ हा पर्याय निवडायचा. आमचा पहिला पेनड्राइव्ह दुसऱ्या पर्यायाने बनला आणि सुरूच झाला नाही. एवढंच.

आता डिस्क. इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, आणि डिस्क निवडायच्या पानावर फक्त आमचाच पेनड्राइव्ह. भाचीला वाटलं लॅपटॉप खराब निघाला. पण सकाळी त्याच डिस्कवरून विंडोज चाललं होतं. म्हणजे डिस्क होती, कुणीतरी तिच्यासमोर उभं होतं. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू असते. एसएसडी तिच्या आडोशाला जाते. विंडोजला त्याचा ड्रायव्हर दिलेला असतो, क्यूब्सच्या इन्स्टॉलरला पलीकडचं दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन व्हीएमडी बंद करायचं, किंवा स्टोरेज ‘आरएसटी’वरून ‘एएचसीआय’वर आणायचं. आमच्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय तिसऱ्या पानाच्या तळाशी दडलेला होता. बंद केला, पुन्हा सुरू केलं, डिस्क हजर.

इथे एक इशारा. जुनं विंडोज ठेवायचं असेल तर हे बदल करण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी किल्ली लिहून घ्या. नव्या विंडोजमध्ये डिस्क अनेकदा आपल्याला न विचारता कुलूपबंद झालेली असते, आणि बायोसमध्ये हात घातला की ती किल्ली मागते. दुसरं, बायोसचं अपडेट विंडोज पुसण्याआधीच करून घ्या. पुष्कळ कंपन्या ते विंडोजच्या प्रोग्रामच्या रूपातच देतात.

बायोसमध्येच आणखी तीन गोष्टी होत्या. सिक्युअर बूट बंद करावं लागलं, कारण आमच्याकडच्या ४.२ आवृत्तीला ते चालत नाही. व्हीटी-एक्स, म्हणजे खोटे-खोटे संगणक चालवायची प्रोसेसरची सोय, चालू होतं. व्हीटी-डी मात्र बंद, आणि इन्स्टॉलरने त्यावरच ताकीद दिली: आवश्यक सोयी नाहीत. खाली पुढे जाण्याचं बटणही दिलं होतं.

भाचीचं बोट त्या बटणावर होतं. “चालते ना मामा, पुढं जाऊ देते तर.”

मी तिला थांबवलं. माझं सगळं सांगणं या एका जागी आहे. नेटवर्क कार्ड, यूएसबी यांसारखे भाग प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत वाचू-लिहू शकतात, वेगासाठी तशी रचना आहे. व्हीटी-डी म्हणजे त्या वाटेवरचं गेट. आमच्या कारखान्यात पास दाखवल्याशिवाय माणूस आत जात नसे, तसं हे प्रत्येक भागाला त्याच्या वाट्याच्या मेमरीपुरतंच सोडतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये याच गोष्टीला आयओएमएमयू म्हणतात. गेट नसेल तर नेटवर्क कार्डाला वेगळ्या भांड्यात कोंडल्याचं नुसतं नाव राहतं, ते हवं तिथे हात घालू शकतं. बटण दाबलं असतं तर सिस-नेट पुढे सुरू झालं नसतं. मग ते कसंबसं सुरू करायला त्याचा प्रकार बदलायचे उपाय सापडले असते, तेही चालले असते, आणि शेवटी रंगीत चौकटींचा एक साधा लॅपटॉप हातात आला असता. व्हीटी-डी चालू करायला अर्धं मिनिट लागलं.

म्हणून प्रत्येक अडचणीच्या उपायाला मी एकच प्रश्न विचारत होतो: हा फुकटचा आहे की किमतीचा? व्हीएमडी बंद करणं फुकटचं, सुरक्षा तसूभर कमी होत नाही. सिक्युअर बूट बंद करण्याला किंमत आहे: लॅपटॉप कुणाच्या हाती पडला तर सुरुवातीचा भाग बदलला गेल्याचं कळणार नाही. भाचीने ती जाणून मोजली, लॅपटॉप आता चेंबरमध्ये सोडून जेवायला जात नाही. ज्या उपायाची किंमत कळत नाही तो लावायचाच नाही.

दुसऱ्या रात्री इन्स्टॉलेशन संपलं, पुन्हा सुरू केल्यावर काळी स्क्रीन. पंखा फिरतोय, बाकी काही नाही. नव्या लॅपटॉपचा हा हमखास रोग. त्याची ग्राफिक्सची चिप इतकी नवी असते की सिस्टिमसोबत आलेल्या स्थिर कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, ती ओळखू येत नाही. पेनड्राइव्हवरच्या मेनूत ‘कर्नल-लेटेस्ट’ नावाची वेगळी ओळ असते. ती निवडून आम्ही सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, आणि पडदा उजळला. हाही उपाय फुकटचा. नुकताच बाजारात आलेला लॅपटॉप घेतला असेल तर सुरुवात याच ओळीपासून करावी, आमच्यासारखी एक रात्र घालवू नये.

वायफायने सगळ्यात जास्त छळलं. पहिल्या सुरुवातीलाच सिस-नेट कोसळलं. संदेशाचा अर्थ एवढाच की हे कार्ड पुसून पहिल्यासारखं करायची कुठलीच रीत सापडत नाही. भांडं बंद करून पुन्हा उघडताना आतला भाग कोरा व्हावा अशी क्यूब्सची अट असते. काही वायफाय कार्डांना ते जमत नाही. उपाय आहे: त्या एका कार्डापुरती अट सैल करायची, ‘नो-स्ट्रिक्ट-रिसेट’. याची किंमत विचाराल तर, ते कार्ड कधी दुसऱ्या भांड्याला जोडलं तर जुन्या भांड्यातलं काही सोबत जाऊ शकतं. कायम सिस-नेटमध्येच राहणार असेल तर हा धोका फारसा उरत नाही. आम्ही तेवढंच केलं. याशिवाय ‘परमिसिव्ह’ नावाचा आणखी सैल पर्याय असतो. त्याने कार्डाला स्वतःच्या मांडणीत जास्त हात घालू दिला जातो. तो न लावता काम झालं, म्हणून लावला नाही.

सिस-नेट उठलं, तरी वायफायची यादी कोरीच. इथे आम्ही अर्धा दिवस चुकीच्या जागी शोधत होतो. डोम-झिरोचं कर्नल नवं घातलं म्हणजे सगळीकडे नवं झालं, असा माझा समज होता. तसं नसतं. भांड्यांसाठीचं कर्नल वेगळं असतं आणि ते अजून जुनंच होतं. नवं उतरवायला नेट हवं, आणि नेट मिळवायलाच तर खटाटोप! सुदैवाने भाचीने लॅनचा सॉकेट असलेला लॅपटॉप घेतला होता. कपाटातून केबल काढली, राउटरला जोडली, अपडेट उतरलं. सिस-नेटच्या सेटिंगमध्ये नवं कर्नल निवडलं आणि शेजारपाजारची सगळी वायफाय नावं एकदम समोर आली. भाची ओरडलीच. पातळ लॅपटॉपच्या मोहात लॅनचा सॉकेट सोडू नका, हा माझा आग्रह आहे.

विकत घेण्याआधी बघायच्या गोष्टी खरं तर थोड्या आहेत. क्यूब्स किमान ६ जीबी रॅम मागते, पण प्रत्येक भांडं आपला वाटा खातं, १६ जीबीखाली जाऊ नये. मेमरी बोर्डावरच डकवलेली असेल तर नंतर वाढवता येत नाही. वापरणाऱ्यांनी आपापल्या लॅपटॉपचा अनुभव नोंदवलेली एक यादी प्रकल्प ठेवतो, तिच्यात आपलं मॉडेल शोधावं. आणि जरा जुनं मॉडेल घ्यावं. दुकानदाराला हे विचित्र वाटेल, पण वर्ष-दीड वर्ष जुन्या मशीनची दुखणी कुणीतरी आधीच निस्तरलेली असतात.

एक गोष्ट सुटली नाही. झाकण लावलं की लॅपटॉप नीट झोपत नाही. जुन्या लॅपटॉपांमध्ये एस-थ्री नावाची खरी झोप होती. नव्यांमधून ती काढून अर्धवट जागी झोप दिली आहे, आणि ती आमच्याकडच्या क्यूब्सला पेलत नाही. बॅगेत लॅपटॉप तापतो, बॅटरी उतरते. भाची आता प्रत्येक वेळी पूर्ण बंद करते. मला हे बरंच वाटतं. क्यूब्समध्ये डिस्क मुळातच कुलूपबंद असते, पण लॅपटॉप झोपलेला असताना त्या कुलपाची किल्ली मेमरीत जागीच असते. बंद केला तर तीही जाते. मात्र सुरू करताना लांबलचक पासवर्ड लागतो, आणि तो विसरला तर जगात कुणी उघडून देऊ शकत नाही. तिने तो कागदावर लिहून आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या ईमेलवर एका नव्या पक्षकाराची फाईल आली. तिने उजवं बटण दाबून ‘विश्वासू पीडीएफ बनवा’ अशा अर्थाची ओळ निवडली. एक तात्पुरतं भांडं उघडलं, त्यात पानांची नुसती चित्रं झाली, चित्रांवरून नवी पीडीएफ बनली, भांडं नाहीसं झालं. सातबाऱ्यासारखाच आमच्याकडचा जमिनीचा उतारा, बी-वन, होता, स्कॅन केलेला, वाकडा. तिने तो वाचला, लॅपटॉप पूर्ण बंद केला आणि दुर्गला जायला स्कूटी काढली.