फ्रँकलिनने अर्धवट सोडलेली शाळा

मुलाला चांगल्या शाळेत जागा मिळावी म्हणून आईबाप किती जिवाचे रान करतात, हे तुम्हांआम्हांला सांगायला नको. पण ही घालमेल केवळ मुंबई-पुण्याची नव्हे. अमेरिकेतील बोस्टन शहरातही ती घरोघर आहे.

तेथील बोस्टन लॅटिन स्कूल १६३५ साली निघाली. इकडे शिवबा तेव्हा पाच वर्षांचे होते! हार्वर्डसुद्धा तिच्याहून एका वर्षाने धाकटे. इतकी नामांकित शाळा, पण सरकारी. शहरातल्या मुलांना फी नाही. सातवी ते बारावीचे वर्ग येथे भरतात. गणित-विज्ञान तर आहेच, पण सातवीत आलेल्या मुलाला लॅटिनची रूपेही घोकावी लागतात. आपल्याकडे 'रामः रामौ रामाः' घोकतात तशीच. शिवाय उतारा पाठ करून सर्वांसमोर उभे राहून तो म्हणून दाखवायचा, ही जुनी रीत. भल्याभल्यांचे पाय तेथे लटपटतात! नाटक, संगीत, खेळ आहेतच. आणि इंग्लिश हायस्कूलशी होणारा फुटबॉलचा सामना तर १८८७ पासून चालत आलेला.

बेंजामिन फ्रँकलिन याच शाळेचा विद्यार्थी. आठव्या वर्षी आला, वर्षाच्या आत वर्गात पहिला झाला. पण वडील साबण आणि मेणबत्त्या करणारे, घरात मुलांचे लेंढार. पुढचा कॉलेजचा खर्च झेपायचा नाही, म्हणून त्यांनी त्याला काढून घेतले. दहाव्या वर्षी पोरगा दुकानात मेणबत्तीच्या वाती कापू लागला. पुढे तो मोठा झाला, ही गोष्ट वेगळी. पण असे किती फ्रँकलिन वातीच कापत राहिले असतील?

मुलींना तर दारच बंद होते. त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा १८७७ साली त्यांच्यासाठी निराळी शाळा काढण्यात आली. मूळ शाळेत त्या आल्या १९७२ साली, म्हणजे सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी!

प्रवेश मिळतो तो चाचणी आणि वर्गातल्या गुणांवर. पण शिकवणी लावू शकणारे घर आणि न लावू शकणारे घर यांची शर्यत बरोबरीची कशी? म्हणून २०२१ साली शहराच्या शाळा-समितीने वस्तीची आर्थिक स्थितीही ध्यानात घेण्याचे ठरविले. वाद पेटला. "आमच्या मुलाने मेहनत केली, त्याचे काय?" असे एक बाजू म्हणते. "आमच्या मुलाला संधी तरी कधी मिळाली?" असे दुसरी विचारते. दोन्हीकडे आईबापच, कोणाला खोटे म्हणावे?

शाळेची पहिली जागा होती तेथे आज फ्रँकलिनचा पुतळा उभा आहे. शिक्षण अर्धवट सोडावे लागलेल्या मुलाचा हा पुतळा! आपल्या बाळाचे गुण मोजताना, शेजारच्या हुशार पोराची शाळा पैशापायी सुटत नाही ना, एवढे आपण पाहिले तरी पुष्कळ झाले.