पिवळ्या ज्योतीआड दडलेले पोटॅशियम

प्रात्यक्षिकात क्षाराने ज्योत पिवळी झाली की ‘फक्त सोडियम’ असे लिहून मोकळे होऊ नका. बोट लागलेली प्लॅटिनमची तारही घामातल्या मिठामुळे पिवळी ज्योत देते! म्हणून तार आधी संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत तापवा.

सोडियमच्या झगझगाटात पोटॅशियमची फिकट जांभळी छटा लपते. मग कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहा. सोडियमचा ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश काच शोषते. पोटॅशियमचे तांबडे व जांभळे किरण पार होतात. ज्योत किरमिजी दिसली, की पोटॅशियम आहे.

बन्सेन व किरखॉफ यांनी काचेऐवजी लोलकाने हे रंग वेगळे केले. १८६० मध्ये डुर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यातील क्षारांत त्यांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते होते सीझियम!