रोमनगरीतील पावसाळी दिवस

पाऊस आला की सहल बुडाली, असे आपण सहज म्हणून जातो. नोव्हेंबर महिन्यात रोम येथे आम्हांस लाभलेला एक दिवस मात्र याविरुद्ध साक्ष देतो.

सेमिनरीतील दोन जुने सोबती तेथे भेटले. एक रोममध्येच अध्ययन करीत आहेत. दुसरे बेळगावकडचे असून आफ्रिकेत मिशनकार्य करतात. नऊ वर्षांत ते घरी गेलेले नाहीत. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी आमच्या हाती कुंद्याचा डबा दिला होता आणि सोबत एक प्रश्नही: "फादर, तो केव्हा येणार, एवढे विचारून या."

भर पावसात आम्ही प्रथम पँथिऑन गाठले. सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत उभारलेल्या या देवळाला इ. स. ६०९ मध्ये पोप चौथे बोनिफेस यांनी पवित्र मरिया व रक्तसाक्षी यांच्या नावे ख्रिस्तमंदिर केले. घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर, उंचीही तितकीच. आणि माथ्यावर चांगले ९ मीटरांचे उघडे गवाक्ष! त्यातून पाऊस आत येत नाही, अशी एक लोकसमजूत आहे. आम्ही तर सरी थेट फरशीवर उतरताना पाहिल्या. फरशीला किंचित उतार असून तिच्यातील छिद्रांवाटे पाणी निघून जाते. याच गवाक्षातून पेंटेकॉस्टच्या सणाला गुलाबाच्या तांबड्या पाकळ्यांचा वर्षाव करतात.

दुपारी एका लहानशा खाणावळीत शिरलो. प्रथम आले 'सुप्ली', म्हणजे टोमॅटोच्या रसातील भाताचे तळलेले गोळे. मोडताच आतल्या चीजची लांब तार निघाली आणि आम्हांस गावच्या बटाटेवड्याची आठवण झाली. मागोमाग मेंढीच्या दुधाचे चीज व काळी मिरी घातलेल्या शेवया आल्या. प्राचीन रोमला मिरी मलबार किनाऱ्यावरूनच जात असे! शेवटी कुंद्याचा डबा उघडला. पहिला घास घेताच आमचे मिशनरी मित्र स्तब्ध झाले. तेव्हा मातोश्रींचा प्रश्न आम्ही त्यांच्यापुढे ठेवला. उत्तर आले नाही.

सायंकाळी जेझू चर्चमध्ये गेलो. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह जुन्या गोव्यात आहे. पण १६१४ साली वेगळा केलेला त्यांचा उजवा बाहू येथे पूज्यभावाने जतन केला आहे. १५४० साली रोम सोडलेले हे संत पुन्हा येथे परतले नाहीत. त्या काळी एका पत्राला पोहोचण्यास वर्ष वर्ष लागे. त्या वेदीपुढे आमचे मित्र बराच वेळ गुडघे टेकून होते. बाहेर येताच म्हणाले, "आईला सांगा, मे महिन्यात येतो."

वाचकहो, प्रभूच्या कार्यासाठी वा पोटासाठी आपली मुले दूर गेली आहेत. संतांना घरी परतण्याची वाट नव्हती. आपणांस ती आहे. दूर असलेल्यांनी ती चालावी, आणि घरी असलेल्यांनी डबा पाठवताना प्रश्नही अवश्य पाठवावा.