कोलोन: आधी जाड भिंती, मग उंच मनोरे

जर्मनीतल्या कोलोन शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पाऊल टाकले की मान वर करावीच लागते. समोर १५७ मीटर उंचीचे दोन काळवंडलेले मनोरे उभे असतात. हेच कोलोनचे कॅथीड्रल. बरेच प्रवासी तासाभरात ते उरकून पुढची गाडी धरतात. पण याच जुन्या शहरात रोमनेस्क शैलीतली बारा मोठी चर्चेस आहेत, आणि दोन दिवस हाताशी असतील तर सुरुवात तिथून केलेली बरी. कॅथीड्रलला उंचीची एवढी ओढ का लागली, हे त्या जाडजूड शेजाऱ्यांना भेटल्यावरच उमगते.

ऱ्हाइनच्या काठचे ग्रोस सांक्ट मार्टिन हे त्यांतले एक, बाराव्या शतकातले. वेदीकडची बाजू तीन पाकळ्यांसारखी तीन अर्धगोलांची, आणि वर भक्कम चौकोनी मनोरा. रोमनेस्क बांधणीत कमानी अर्धवर्तुळाकार असतात. अशी कमान डोक्यावरचा भार बाजूंनाही रेटते आणि तो रेटा भिंतींनाच सोसावा लागतो. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान. सांक्ट गेरेऑनची तऱ्हा आणखी न्यारी. चौथ्या शतकातल्या लंबगोल रोमन वास्तूवर तेराव्या शतकात दहा कोनांचा उंच घुमट चढवला गेला. सांक्ट मारिया इम कापिटोलमध्ये मात्र दारापाशी थांबावे. अकराव्या शतकातल्या या लाकडी दारावर ख्रिस्ताच्या जीवनातले प्रसंग कोरले आहेत. माणसे ठेंगणी, डोकी मोठी, आणि लाकडावर जुन्या रंगाच्या खुणा अजून शिल्लक.

कॅथीड्रलची गोष्ट सुरू होते ११६४ मध्ये. त्या वर्षी येशूच्या जन्मानंतर दर्शनाला आलेल्या तीन राजांचे मानले जाणारे अवशेष मिलानहून इथे आणले गेले. त्यांच्यासाठी घडवलेली, छोट्या चर्चच्या आकाराची सोन्याची पेटी आजही वेदीमागे आहे. यात्रेकरू लोटू लागले, जुने चर्च अपुरे वाटू लागले आणि १२४८ मध्ये नव्याचा पाया घातला गेला. शैली निवडली फ्रान्समधून आलेली गॉथिक. टोकदार कमान भार अधिक सरळ खाली नेते, उरलेला रेटा बाहेरचे तिरपे टेकू पेलतात. भिंतीवरचे ओझे असे हलके झाले, तिथे रंगीत काचा बसल्या आणि छत ४३ मीटरवर गेले.

वेदीकडचा भाग १३२२ मध्ये पवित्र केला गेला. पुढे मात्र काम रेंगाळले आणि सोळाव्या शतकात बंदच पडले. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावरची लाकडी यारी तीनशेहून अधिक वर्षे तशीच उभी राहिली. एव्हाना ती शहराची ओळखच झाली होती! दर्शनी बाजूचा चार मीटरहून उंच मूळ आराखडा दोन तुकड्यांत, १८१४ आणि १८१६ मध्ये, पुन्हा हाती लागला. १८४२ मध्ये काम सुरू झाले, १८८० मध्ये संपले. म्हणजे ज्यांना सगळे मध्ययुगीन समजतात ते मनोरे बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले आहेत, आणि छताखालचा सांगाडा चक्क लोखंडी. याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. आराखडा जुनाच होता, हात नवे होते.

दुसऱ्या महायुद्धात कॅथीड्रलवर अनेक बॉम्ब पडले, तरी ते उभे राहिले. रोमनेस्क चर्चेसचे फार नुकसान झाले; त्यांची डागडुजी १९८०च्या दशकापर्यंत चालली. कॅथीड्रलच्या दक्षिणेकडची मोठी खिडकी तर २००७ मधली आहे. चित्रकार गेऱ्हार्ट रिश्टर यांनी तिच्यात संत किंवा राजे न रेखता ७२ रंगांचे हजारो काचेचे चौकोन बसवले. ऊन आले की ते रंग समोरच्या दगडावर सांडतात.

दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. चढताना वाटेत घंटाघर लागते. तिथली सर्वांत मोठी घंटा सुमारे २४ टनांची, १९२३ मध्ये ओतलेली. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत फिरू देत नाहीत, तेवढे वेळापत्रक आधी पाहावे. फोटोत परांची आली म्हणून मात्र हिरमुसू नये. पाऊस आणि धुराने दगड झिजत राहतो, आणि कॅथीड्रलचे स्वतःचे पाथरवट तो वर्षभर बदलत असतात.