दिवा लाव, थांब, दिवा विझव!

आर्डुइनो उनो नावाचा बोर्ड पाहिलाय कधी? तळहातावर सहज मावतो. त्याच्यावरच्या काळ्या चिपचं नाव मात्र भारदस्त आहे: एटीमेगा ३२८पी. ही चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, एक आख्खा छोटा संगणक. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड!

बोर्डावर १३ क्रमांकाच्या पिनला एक इवलासा एलईडी आधीच जोडलेला असतो. तो लुकलुकवायचा. प्रोग्राम सोपा आहे: दिवा लाव, एक सेकंद थांब, दिवा विझव, एक सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून. ‘थांब’ म्हटल्यावर चिप झोपत असेल? छे! तिच्या घड्याळाचे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात. सेकंद भरेपर्यंत ती सारखी वेळ तपासत राहते.

आपण संगणकावर लिहिलेल्या ओळी चिपला कळत नाहीत. कंपायलर नावाचा प्रोग्राम त्यांचे शून्य आणि एक करून देतो. मग अपलोडचं बटण दाबायचं. टीएक्स, आरएक्स लिहिलेले दिवे भराभर चमकतात. चिपमध्ये आधीपासून बसलेला बूटलोडर नावाचा पिटुकला प्रोग्राम यूएसबीच्या वायरीतून आलेला मजकूर घेतो आणि फ्लॅश मेमरीत लिहितो.

पण शाई नाही, कागद नाही, मग लिहितो कसा? मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात भन्नाट वाटते! फ्लॅश मेमरीत अडीच लाखांहून जास्त सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक बेट, आणि त्याच्या चहूबाजूंनी वीज अडवणारा थर. जोर लावून इलेक्ट्रॉन त्या बेटावर ढकलले की झाला शून्य. बेट रिकामं राहिलं की एक. एकदा आत गेलेले इलेक्ट्रॉन वीज बंद झाली तरी तिथेच अडकून राहतात. म्हणून संगणकाची वायर काढून बोर्डाला ९ व्होल्टची बॅटरी जोडली, तरी दिवा लगेच लुकलुकू लागतो. २५ अंश सेल्सिअस तापमानात हे लिखाण १०० वर्षं टिकेल, असं चिप बनवणारे सांगतात! आणि तेच कप्पे पुसून सुमारे १०,००० वेळा नव्याने लिहिता येतात.

तेव्हा बिनधास्त बदल करा. प्रोग्राममध्ये सेकंदासाठी १००० हा आकडा असतो, कारण चिप मिलिसेकंदांत मोजते. दोन्ही ठिकाणी १० लिहून पुन्हा अपलोड करा. दिवा जवळजवळ सलग पेटलेला दिसेल. आता खोलीत अंधार करून बोर्ड हवेत झर्रकन फिरवा, आणि उजेडाची रेघ सलग दिसते की तुटक, ते बघा.